दुभाष्याचं कुलूप

गाब्रोवो,
ता. १४ जून २००६

चि. यासेन यास अनेक आशीर्वाद.

ग्रीसमधल्या सोलूनच्या आत्याने पाठवलेलं सामान गेल्या आठवड्यात सोमवारी पोचलं. संगणक एक, वापरलेला पण धड. त्याचा पडदा एक. ऑलिव्हचं तेल पाच लिटर, त्यातलं थोडं वाटेत सांडलेलं. तुझ्या बाबांसाठी लोकरीचे मोजे दोन जोड. गाडीभाडं अठ्ठावीस लेव्ह, सरहद्दीवरची जकात एकेचाळीस. वर चढवून देणाऱ्याने दहा मागितले, त्याला सहा दिले आणि चेरीच्या मुरंब्याची बरणी. तो म्हणाला, "बाई, गाब्रोवोची काटकसर ऐकून होतो, आता खरं गाब्रोवोत आल्यासारखं वाटलं." मी म्हटलं, "मग उतरताना कठड्याला हात घासू नका, रंग जातो." तुझे बाबा पलंगावरून हसले. अर्ध्या तोंडाने का होईना, हसले.

टीव्ही दुरुस्तीवाल्या गेन्चोने, तू बाबांच्या वाचेसाठी लिहिलेला दुभाष्या जुन्या यंत्रातून नव्यात आणून बसवला. पैसे घेईना, म्हणून जुनं यंत्र त्यालाच दिलं. त्याने त्याच दिवशी खोलून त्याचे भाग वेगळे केले. घरात दोन यंत्रं ठेवून धूळ कशाला पुसायची, असं मी म्हटलं. आता ते आठवून हात चोळत बसले आहे.

कारण असं झालं. पहिले दोन दिवस बाबा घडाघडा बोलले. पडद्यावर अक्षरं फिरतात, हव्या त्यावर बटण दाबलं की शब्द तयार. गेन्चोला म्हणाले, "तुझी मिशी वाकडी आहे." दोन वर्षांपूर्वी झटका येऊन वाचा आणि उजवी बाजू गेली, तेव्हापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझ्याशी बोलता बोलता मध्येच आवाज थांबला. पडदा गोठल्यासारखा. बाबा त्या एका बोटाने बटण दाबताहेत, दाबताहेत, आणि काही नाही. बंद करून चालू केलं की बोलतं, मग तास दोन तासांनी पुन्हा तेच. जे म्हणायचं ते घशात अडकून राहावं तसे त्यांचे डोळे होतात. काल त्यांनी बटणाला हातच लावला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

गेन्चो म्हणतो, "रायना, मी टीव्ही उघडतो. माणसाची जीभ उघडायला तुझा पोरगाच पाहिजे." आणि पोरगा आथोसच्या डोंगरावर, जिथे बाईमाणसाला पाऊल ठेवायची मुभा नाही.

मठात फोन केला होता. कुणीतरी म्हणालं, दीक्षेच्या उमेदवाराला फोनवर बोलावत नाहीत, पत्र पाठवा. म्हणून पाठवते आहे. देवाच्या आईपुढे रोज मेणबत्ती लावते, अर्धी जळली की विझवून ठेवते, दुसऱ्या दिवशी तीच. ती समजून घेईल.

काय करायचं ते कळव.

तुझी आई,
रायना

*

आथोस,
१९ जून (तुमच्याकडे २ जुलै. इथे जुनं पंचांग चालतं, तेरा दिवस मागे)

ती. आईस यासेनचा सा. नमस्कार.

पत्र वाचून झोप उडाली. चूक नव्या यंत्राची नाही, माझी आहे.

दुभाष्याच्या आत दोघं जण काम करतात असं समज. एक कान, एक तोंड. कान बाबांचं बटण ऐकतो आणि शब्द एका डब्यात ठेवतो. तोंड तो डबा उघडून शब्द बोलतं. दोघांनी एकदम डब्यात हात घातला तर शब्दांचा चिवडा होतो, म्हणून मी डब्याला कुलूप ठेवलं होतं. कुलूप म्हणजे नुसती एक खूण. शून्य असली तर डबा मोकळा, एक असली तर कुणीतरी आत आहे. ज्याला डबा हवा त्याने खूण बघायची, शून्य दिसली तर एक लिहायचं आणि आत जायचं.

जुन्या यंत्राला एकच मेंदू होता. तो थोडा वेळ कानाला द्यायचा, थोडा वेळ तोंडाला. दोघं खरोखर एका क्षणी कधीच जागे नसायचे, त्यामुळे माझं कुलूप खपून गेलं. नव्या यंत्राला दोन मेंदू आहेत. कान आणि तोंड आता खरंच एकदम जागे असतात.

तुला ईस्टरची सामाईक भट्टी आठवते ना? तू आणि शेजारची पेत्काना, दोघींनी डोकावून पाहिलं, भट्टी मोकळी. दोघी घरी गेल्या, दोघी गोड पावाचे साचे घेऊन आल्या. बघणं आणि साचा ठेवणं यात घरापर्यंतचं अंतर होतं, म्हणून भांडण झालं. माझ्या कुलपात तेच अंतर आहे. खूण बघणं एक काम, एक लिहिणं दुसरं काम, आणि मधल्या फटीत दुसरा शिरतो. मग डब्यात चिवडा होतो, दोघं एकमेकांची वाट बघत बसतात आणि बाबांचा आवाज बंद पडतो.

यंत्राला अशी एक आज्ञा येते की बघणं आणि लिहिणं ते एका श्वासात करतं. मध्ये कुणीही शिरू शकत नाही, दुसरा मेंदूसुद्धा नाही. शून्य दिसली तर त्याच क्षणी एक. नाही दिसली तर हात रिकामा, पुन्हा प्रयत्न. थोडे प्रयत्न फुकट गेले की बाजूला उभं राहून दम घ्यायचा, म्हणजे वीज जळत नाही. हे तुला आवडेल.

सोबतच्या कागदावर नव्या ओळी हाताने लिहून दिल्या आहेत. गेन्चोकाकांना जुन्या ओळी कुठे आहेत ते शोधून द्यायला सांग, आणि तू टाइप कर. तुझं अक्षर-अक्षर बघून लिहिणं मला ठाऊक आहे. जसं आहे तसं उतरव. शेवटी तळाशी लिहिलेले चार शब्द टाइप करून एंटर दाब, म्हणजे दुभाष्या पुन्हा बांधला जाईल.

बाबांना सांग... काही सांगू नकोस. मी निघालो त्या दिवशी ते यंत्रातून एकच शब्द बोलले होते, "जा." त्यानंतर त्यांना काय सांगावं ते मला कळत नाही.

यासेन

*

गाब्रोवो,
ता. २० जुलै, संत एलियाचा दिवस

चि. यासेन यास अनेक आशीर्वाद.

बोलतात. तुझे बाबा बोलतात.

गेन्चोने जागा शोधून दिली आणि खुर्ची ओढून मागे बसला, मी टाइप करत होते. "रायना, तू तर चर्चच्या वहीत नावं लिहावीत तसं लिहितेस." मी म्हटलं, "गप्प बस, बोट चुकलं तर तुझ्या मित्राची जीभ चुकेल." एकेक ओळ पट्टी ठेवून उतरवली. दोन ठिकाणी तुझा हात चुकला होता ते सुधारून घेतलं. बाकी तंतोतंत.

चार शब्द टाइप करून एंटर दाबला. यंत्र बराच वेळ कुरकुरलं. मग बाबांनी बटण दाबलं आणि आवाज आला, "रायना, भूक." मी पाव आणायला धावले. गेन्चोने पाणी आणून दिलं.

आज एलियाच्या सणाला कोंबडी केली होती. बाबांनी दोन घास जास्त खाल्ले. त्या दिवसापासून यंत्र एकदाही गोठलेलं नाही. कधीकधी उत्तरात थोडा गोंधळ होतो. मी पाण्याचं विचारावं तर वर्तमानपत्राचं बोलतात. पण डॉक्टर म्हणाले, असा आजार झालेल्या माणसाचं मन इकडे तिकडे जातं, मनावर घेऊ नका.

"जा"चं मनात धरू नकोस. तो एक शब्द बोलायला त्यांना तेव्हा किती वेळ लागला होता ते तू पाहिलं नाहीस, तू पायऱ्या उतरत होतास.

तब्येत ठीक आहे. मोजे वापरतात. तू उपासांत दही तरी खातोस का, की तेही नाही?

तुझी आई

*

आथोस,
६ ऑगस्ट (तुमच्याकडे १९)

ती. आईस सा. नमस्कार.

तुझं पत्र मी द्राक्षांच्या मळ्यात उभा राहून वाचलं. मठातले माझे गुरुबाबा पलीकडे होते. म्हणाले, "काय रे, रडतोस की हसतोस?" मी म्हटलं, "वडील भूक लागली म्हणाले." त्यांनी टोपलीतला एक घोस माझ्या हातात दिला आणि कामाला लागले.

आता महत्त्वाचं. वर्ष होत आलं. गुरुबाबांनी विचारलं की दीक्षा घ्यायची का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "तुझा बाप आजारी आहे. आधी त्याला विचार. त्याला तू घरी हवा असशील तर जा, तो असेपर्यंत त्याच्याजवळ राहा, मग ये. डोंगर कुठे जात नाही. पण तो स्वतःच्या तोंडाने नको म्हणाला, तर इथे राहायला तू मोकळा."

खरं सांगतो आई, हा प्रश्न मी टाळत होतो. मला बाबांचं उत्तर ऐकायची भीती वाटते. दोन्ही उत्तरांची. ये म्हणाले तर माझ्याने त्यांच्यासमोर उभं राहवणार नाही, नको म्हणाले तर माझ्याने इथे उभं राहवणार नाही. तरी विचार. तुझ्या मनचं नको लिहूस, त्यांचं लिही. यंत्रातून जे येईल ते.

ते कुलूप नीट चाललं हे ऐकून बरं वाटलं. इथे रात्रीच्या प्रार्थनेत मी त्याचाच विचार करत होतो. कुलूप लावणं सोपं असतं, काढताना लोक चुकतात. आत ठेवलेली वस्तू खरोखर जागेवर पोचायच्या आधी खूण शून्य केली, तर दुसरा येतो, डबा उघडतो, आणि त्याला कालचीच वस्तू हाती लागते. म्हणून वस्तू जागेवर पोचेपर्यंत थांबायला लावणारी ओळ मी दोन्ही ठिकाणी लिहिली, लावतानाही आणि काढतानाही. माणसांचंही असंच असावं. मी घरातून निघताना आतलं काही जागेवर पोचू दिलं नाही, नुसता निघालो.

वाट बघतो.

यासेन

*

गाब्रोवो,
ता. ३ सप्टेंबर

चि. यासेन यास अनेक आशीर्वाद.

विचारलं. आणि जे आलं ते तू म्हणालास तसं, माझ्या मनचं न घालता लिहिते.

परवा संध्याकाळी मी त्यांना घेवड्याचं सूप भरवत होते. अर्धा वाडगा झाल्यावर विचारलं, "अजून देऊ का?" यंत्र म्हणालं, "पाणी." पाणी दिलं तर तोंड फिरवलं. वाडगा बाजूला ठेवला, हात पुसले, तुझं पत्र आणून पूर्ण वाचून दाखवलं, मळ्यातल्या द्राक्षांसकट. त्यांनी डोळे मिटले होते. मग मी विचारलं, "मिन्को, यासेनला घरी बोलावू का?"

त्यांनी बटण दाबलं. बराच वेळ दाबत होते. यंत्र म्हणालं, "नको."

मी म्हटलं, "नीट विचार करा. तो येईल म्हणतोय." तर ते चिडले. बटण आपटायला लागले, नुसतं आपटत राहिले, यंत्रातून काही येईना. घाम आला त्यांना. मी म्हटलं, "बरं बाबा, कळलं, नको तर नको." आणि हवा गार पडली होती म्हणून विचारलं, "खिडकी लावू का?" तेव्हा म्हणाले, "हो, आजच." मी म्हटलं, "आज नाही तर काय नाताळला लावतात?" मग ते शांत झाले, अगदी शांत. हसलेसुद्धा. मी यंत्र बंद केलं. बोलणं संपल्यावर वीज कशाला जाळायची.

तुझे बाबा हट्टी आहेत हे मला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे. तरी वाटलं होतं, इतका हट्ट धरणार नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यांची तब्येत ठीक आहे. तू तुझ्या देवाच्या कामात राहा.

कालपासून सकाळी पलंग खिडकीकडे वळवायला लावतात आणि फाटकाकडे बघत बसतात. पोस्टमन दिसला की विचारतात, "आला?" मी सांगते, आला, पण पेन्शन पुढच्या आठवड्यात.

तुझी आई

*

आथोस,
१ ऑक्टोबर

ती. आईस सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो.

बाबा नको म्हणाले. ठीक आहे. मी त्यांच्याकडून एवढ्यालाच पात्र आहे. गुरुबाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दुसऱ्यांदा विचारायचं का?" मी नको म्हटलं. आजारी माणसाला एकच गोष्ट दोनदा म्हणायला लावणं मला बरं वाटलं नाही. आणि खरं कारण हे की दुसऱ्यांदा ऐकायची माझ्यात ताकद नाही.

संत दिमित्रच्या दिवशी, २६ तारखेला, माझी दीक्षा आहे. तुला इथे येता येणार नाही, म्हणून कशी असते ते सांगतो. मठाधिपती कात्री जमिनीवर टाकतात. मी ती उचलून त्यांच्या हातात द्यायची. ते पुन्हा टाकतात. असं तीनदा. तीनही वेळा आपल्या हाताने उचलून दिली की मगच केस कापतात. कुणी ओढून आणलेलं नाही, हे बघण्यासाठी. त्यानंतर माझं नाव बदलेल, आणि घर, शेत, आई-बाप, यांपैकी कशाचाही मी राहणार नाही. त्यानंतर खाली उतरणं नाही. गुरुबाबा म्हणतात, नाव घेतलं की मागची वाट बंद झालेलीच बरी.

मला शांत वाटायला हवं होतं. वाटत नाही. रात्री जाग येते तेव्हा बाबांच्या बटणाचा आवाज येतो, टक, टक, आणि पुढे शब्द येत नाही.

त्यांच्या उशाशी माझ्या नावाची मेणबत्ती लाव. पूर्ण जळू दे ती, आई. विझवू नकोस.

यासेन

*

गाब्रोवो,
ता. २८ ऑक्टोबर

यासेन, बाळा,

हे पत्र मिळेल तिथे उभा राहूनच वाच. हातात काही काम असेल तर टाकून दे.

तुझे बाबा नको म्हणाले नव्हते. ते "हो, आजच" म्हणाले होते.

क्रमाने सांगते, नाहीतर माझीच मी हरवून जाईन. तुझं पत्र काल दुपारी आलं. २६ तारीख वाचली, आणि इथे २६ तर परवाच होऊन गेली. पत्र हातात तसंच धरून आत गेले. बाबांनी विचारलं, "आला?" मी म्हटलं, "कोण आला, मिन्को? आता कोण येणार? त्याची दीक्षा झाली. तुम्हीच नको म्हणालात." आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं, पहिल्या ओळीपासून.

"बाबा नको म्हणाले" इथपर्यंत आले तेव्हा त्यांच्या घशातून असा आवाज निघाला की मी पत्र खाली टाकलं. बटण दाबायला लागले. यंत्र म्हणालं, "आला?" तेच, मघाचं. पुन्हा दाबलं. मग आवाज आला, "मी हो म्हटलं." मी विचारलं, "कशाला हो म्हटलं?" यंत्र पुन्हा म्हणालं, "मी हो म्हटलं." आणि मी काही न विचारता उभी होते तेव्हा एकटंच बोललं, "यासेनला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्र एक पाऊल मागे चालत होतं. नेहमी नाही, अधूनमधून, म्हणून मला कळलं नाही. त्या संध्याकाळी "नको" हे सुपाला होतं. त्यांचं पोट भरलं होतं, बाळा. आणि "हो, आजच" तुला होतं. मी ते खिडकीला लावलं आणि वर विनोद केला. "नको" ऐकून ते बटण आपटत होते ते रागाने नाही, चुकलं ते सुधारायला. मग त्यांचेच शब्द बाहेर पडलेले त्यांनी ऐकले, आणि मला कळलं असं समजून शांत झाले. नंतर मला पत्र लिहितानाही पाहिलं. तेव्हापासून रोज फाटकाकडे बघून "आला?" विचारतात ते तुला विचारतात. पेन्शनला नाही.

तुझा कागद काढला, पट्टी ठेवून यंत्रातल्या ओळींशी ताडून पाहिला. तू एकच ओळ दोन ठिकाणी लिहिली होतीस. मी हिशेबाची बाई. एकच रक्कम दोनदा दिसली की एक खोडते. कुलूप काढण्याच्या जागची ओळ तुझ्या हातून चुकून पुन्हा उतरली असं समजून मी ती गाळली होती. ऑगस्टच्या पत्रात तू ती दोन्ही ठिकाणी का लागते ते लिहिलंस, तेव्हा शंका आली होती. पण यंत्र बोलत होतं, बोलत्या यंत्राला हात लावायची भीती वाटली. काल ती ओळ परत घातली, चार शब्द टाइप केले, एंटर दाबला. मग मुद्दाम विचारलं, "मिन्को, खिडकी लावू का?" म्हणाले, "नको." "सूप?" "हो." "यासेनला बोलावू का?" त्यावर जे आलं ते त्याच क्षणी आलं. खाली लिहिते आहे.

आणखी एक तुझ्यापासून लपवलं. ऑगस्टच्या अखेरीला त्यांना दुसरा झटका आला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की नाताळ दिसला तर देवाची कृपा. "नको" ऐकल्यावर मी ते लिहिलं नाही. बापाला नको असलेला मुलगा दयेने ओढून आणायचा नाही, असं मला वाटलं. आता बोटातही पूर्वीची शक्ती नाही. एक शब्द बोलायला फार वेळ लागतो.

रडत पाद्री सावांकडे गेले. म्हटलं, झालं सगळं, दिमित्रचा दिवस गेला. ते म्हणाले, "रायना, तू इतकी वर्षं चर्चला येतेस आणि एवढं विसरलीस? डोंगरावर जुनं पंचांग. त्यांचा २६ म्हणजे आपला ८ नोव्हेंबर." तू पहिल्या पत्रातच ते लिहिलं होतंस. म्हणजे अजून कापले नाहीत ना केस? अजून तू यासेनच आहेस ना?

पाद्रींनी माझ्यासमोर मठात फोन लावला. लागला नाही. डोंगराकडे बोटी सुटतात त्या धक्क्यावरच्या कचेरीत लावला, तो लागला. ते म्हणाले, वादळाने वरच्या तारा पडल्या आहेत, बोटी कधी निघतात कधी नाही, टपालाची थैली मात्र पहिल्या बोटीने जाते. मी स्वतः आले असते. पण मला धक्क्याच्या पायरीपुढे कुणी येऊ देणार नाही, आणि यांना सोडून तिथपर्यंत येणार तरी कशी? म्हणून हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. टपालखिडकीतली बाई म्हणाली, "साधं पाठवा, निम्म्यात जाईल." मी म्हटलं, "जलदच." तिने मान वर करून पाहिलं.

गुरुबाबांना हे पत्र दाखव. कात्री तीनदा द्यायची असते म्हणतोस. एकदा दिली असलीस, दोनदा दिली असलीस, तरी तिसऱ्यांदा उचलू नकोस. ते समजतील. त्यांनीच म्हटलं होतं ना, दुसऱ्यांदा विचारायचं का म्हणून.

तुझ्या नावाची मेणबत्ती काल लावली. पूर्ण जळू दिली. आज दुसरी लावली आहे.

आता बाबांचं. मी त्यांच्याजवळ बसून, यंत्र चालू ठेवून, त्यांनी बोललेला शब्द त्याच क्षणी लिहिला आहे. मध्ये काहीही शिरू दिलं नाही:

"हो. आजच. तेव्हा जा म्हणालो, कारण येशील हे माहीत होतं."

एवढं बोलायला त्यांना दुपार लागली. आता झोपलेत. पलंग फाटकाकडेच वळवलेला आहे. यंत्र मी बंद केलेलं नाही, रात्रभर चालू ठेवणार आहे.

पत्र मिळेल त्या घटकेला, दुसरं काही करायच्या आधी, एक ओळ तरी लिहून पहिल्या बोटीने पाठव. लिहिशील त्या क्षणी जे खरं असेल तेच लिही. येतोस का, ते उलट टपाली कळव.

तुझी आई